हात जुन्या जागी जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी ४१ वर्षांची. कासारवडवलीला राहते, नोकरी महाप्याला. रात्री साडेअकराला अंथरुणावर पडते आणि एक-सव्वा वाजेपर्यंत मोबाईल बघत बसते. सकाळी उठवत नाही, म्हणून चालायला जाणं होत नाही. दिवसाला पाच-सहा चहा होतात. परत येताना ठाणे स्टेशनबाहेर वडापाव ठरलेला. नखं तर लहानपणापासून खाते, आणि आता आठ वर्षांची मुलगीही खायला लागली आहे. दर पाडव्याला सगळं एकदम बदलायचं ठरवते आणि आठ-दहा दिवसांत मूळपदावर येते. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, मग मला का लागत नाही? आणि मुलीला ओरडू की नको?”

तुम्ही पाच सवयी एका दमात सांगितल्यात आणि पाचांचं खापर एकट्या इच्छाशक्तीवर फोडलंत. माझ्याकडे येणारे बहुतेक जण असंच करतात. मी नौपाड्यात २२ वर्षं समुपदेशन करते आहे. ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. हे वाक्य बोलणाऱ्या बाया पहाटे पाचला उठून तीन डबे भरतात, घोडबंदरचा ट्रॅफिक पार करतात, ऑफिस सांभाळतात. इच्छाशक्ती नसती तर यातलं एक तरी झालं असतं का?

आधी माझीच एक फजिती सांगते. चार वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नव्यानं करून घेतलं. चहा-साखरेचे डबे गॅसच्या डावीकडच्या फळीवर असायचे, ते उजवीकडच्या ट्रॉलीत गेले. पुढचे तीन-साडेतीन आठवडे मी रोज सकाळी आधण ठेवलं की डावीकडे हात नेत होते. तिथे फळी नव्हती, नुसती भिंत होती. गार टाइलवर बोटं टेकली की मग लक्षात यायचं. डबे कुठे गेलेत हे मला पक्कं ठाऊक होतं, ट्रॉली मीच सांगून करून घेतली होती. पण हाताला ते ठाऊक नव्हतं.

सवय म्हणजे एवढंच. तुम्ही एखादी गोष्ट त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा केलीत की मेंदू ती विचार करणाऱ्या भागाकडून काढून घेतो आणि आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या भागाकडे सोपवतो. मग ती जागा, ती वेळ, तो वास समोर आला की कृती आपोआप सुरू होते, तुम्हाला विचारत बसत नाही. वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दर तासाला आपण काय करतोय आणि काय विचार करतोय हे लिहून ठेवायला लावलं होतं. २००२ साली ते प्रसिद्ध झालं. त्यात जवळजवळ ४३ टक्के गोष्टी मुलं रोज आणि बहुतेक त्याच ठिकाणी करत होती, आणि त्या वेळी मन बऱ्याचदा भलतीकडेच असायचं. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दात घासताना रोज नव्यानं निर्णय घ्यावा लागला असता तर आपण दुपारपर्यंत दमलो असतो. अडचण इतकीच की चांगली सवय आणि वाईट सवय हा फरक त्या यंत्रणेला कळत नाही.

म्हणून मी येणाऱ्यांना इच्छाशक्तीचा हिशेब मागतच नाही. मी दोन गोष्टी विचारते: ही सवय कशाला अडकलेली आहे, आणि ती तुम्हाला काय देते?

आता तुमच्या पाच सवयींकडे या दोन प्रश्नांतून बघा. पाचही एका माळेचे मणी नाहीत.

वडापाव आधी बाजूला काढू. तुम्ही लिहिलंय की जेवण दुपारी एकला आणि ठाणे स्टेशनबाहेर पडता साडेसातला. मध्ये चहाशिवाय काही नाही. म्हणजे साडेसहा तास पोट रिकामं, वर ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवरून पुलाचे जिने चढायचे, आणि बाहेर आलात की तळणाचा वास. ही सवय नाहीच बाई, ही भूक आहे! भुकेशी लढायला लावलं की माणूस हरतो आणि हरल्यावर स्वतःला शिव्या देतो. महाप्याहून निघून घणसोलीला लोकलमध्ये बसलात की डब्यातले मूठभर चणे-शेंगदाणे, नाहीतर एक केळं खा. ठाण्याला उतराल तेव्हा वडापाव खायचा की नाही हे तुम्ही ठरवाल, पोट ठरवणार नाही. आणि शुक्रवारी खावासा वाटला तर खा. ठाण्यात राहून वडापाव कायमचा सोडण्याचा सल्ला मी देणार नाही, माझा स्वतःचाच सुटलेला नाही.

चालणं हाही वेगळा प्रश्न नाही. सव्वा वाजता झोपणारी बाई साडेपाचला उठून चालायला जाणार नाही, आणि जाऊही नये. तो रात्रीचाच शेपटीकडचा भाग आहे. त्याकडे नंतर येते.

राहिले मोबाईल, चहा आणि नखं. मोबाईलवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या दिवसाची गाठ तिथेच बसली आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘सगळे झोपले की मी मोबाईल हातात घेते.’ हे ‘सगळे झोपले की’ महत्त्वाचं. ओटा आवरून, मुलीचं दप्तर भरून, उद्याची भाजी निवडून झाली, सासूबाईंच्या गोळ्या देऊन झाल्या, आणि मग दिवसात पहिल्यांदा कुणी हाक मारत नाही अशी वेळ आली. ती वेळ म्हणजे तुमचा मोबाईल. रील्स आवडतात म्हणून तुम्ही जाग्या राहत नाही. झोपलात की तुमचा स्वतःचा दिवस सुरू होण्याआधीच संपणार, म्हणून जाग्या राहता. कितीतरी बायांनी मला हे वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय. एक जण म्हणाली होती, “मॅडम, तेवढंच माझं माहेर.”

मग नुसता मोबाईल काढून घेतला तर काय होईल? चार दिवस नेटानं लवकर झोपाल आणि पाचव्या दिवशी कुढाल. सवय काढताना ती जे देत होती ते दुसऱ्या वाटेनं द्यावं लागतं. म्हणून आधी वेळ मोकळा करायचा आणि मग मोबाईल हलवायचा. क्रम उलटा केलात तर फसेल.

वेळ मोकळा करायचा म्हणजे घरातल्या माणसांशी बोलायचं. नवऱ्याला ‘जरा मदत कर ना’ असं म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि तो पाहुणा कलाकार होतो. ‘सोमवार ते शुक्रवार रात्रीचा ओटा तुझा’ असं सरळ सांगा. तो ओटा तुमच्यासारखा पुसणार नाही. गॅसच्या बर्नरखाली आमटीचा ओघळ तसाच राहील, भांडी मांडणीत भलत्याच जागी लागतील. तुम्ही उठून पुन्हा पुसायला गेलात तर खेळ खलास. दोन आठवडे तो ओघळ सहन करा. गंमत नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जोडप्यांचं गाडं इथेच अडतं, फडक्यावर. हे जमलं तर साडेनऊ ते दहा हा अर्धा तास तुमचा. त्यात मोबाईल बघायचा असेल तर खुशाल बघा. गच्चीत बसा, बहिणीला फोन करा, काहीच करू नका.

मग मोबाईलची जागा. झोपायच्या खोलीत चार्जर नको. हॉलमध्ये, चपलांच्या स्टँडजवळ प्लग असेल तर तिथे. ‘पण अलार्म त्यातच आहे’ हे तुम्ही म्हणणार हे मला माहीत आहे, सगळेच म्हणतात. साधं टेबलावरचं घड्याळ आणा, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. फक्त दुकानात कानाशी धरून बघा. माझ्याकडे येणाऱ्या एकीनं आणलेल्या घड्याळाची टिकटिक इतकी मोठी होती की सासूबाईंनी ते दुसऱ्या रात्री डब्यात घालून वर टॉवेल गुंडाळून ठेवलं. रात्री कुणाचा तातडीचा फोन येईल अशी धास्ती असेल तर रिंगचा आवाज मोठा ठेवा. फोन वाजला की हॉलपर्यंत जाता येतं. पण झोप येत नाही म्हणून मध्यरात्री उठून, दिवा लावून, चपलांजवळ उभं राहून कुणी रील्स बघत नाही. मोबाईलला कुलूप लावलेलं नाही, नुसती आठ-दहा पावलं मध्ये घातली आहेत. तेवढ्यानं बरंच होतं.

चहाचं त्या मानानं सोपं आहे. तुमचे दोन लहान चमचे साखरेचे सहा कप म्हणजे दिवसाला साधारण ४८ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये म्हटलंय की वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे जेवणातलं, बिस्किटातलं न मोजता तुम्ही जवळपास दुपटीवर आहात. पण एकदम बिनसाखरेचा प्यायला लागू नका, जिभेला जुलूम वाटतो. दर दोन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी करा. कपही एकदम तोडू नका, कॅफिन अचानक बंद केलं की एक-दोन दिवसांत डोकं धरतं आणि ‘मला चहाशिवाय जमतच नाही’ असा पुरावा हाती लागतो.

सकाळचा पहिला चहा मी कुणाचाच काढत नाही. काढायचा तो संध्याकाळी साडेपाचचा. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेपाचच्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री साडेदहालाही अंगात फिरत असतं. आता त्या कपाला दुसरा प्रश्न विचारा: तो काय देतो? चहा देतो की खुर्चीतून उठणं आणि मैत्रिणींबरोबर दहा मिनिटं साहेबांच्या नावानं बोटं मोडणं देतो? बहुतेकदा दुसरंच. मग जायचं थांबवू नका, टपरीवर जा, बोटं मोडा, फक्त हातात लिंबूपाणी घ्या. पहिले तीन-चार दिवस चिडवतील, मग कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

आता नखं. ही मात्र अस्सल सवय आहे, आणि हिच्यासाठी चांगलं, जुनं, तपासलेलं तंत्र आहे. नेथन एझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोघांनी १९७३ मध्ये मांडलेलं. त्याचे दोन कणे आहेत: आधी पकडणं, मग हाताला दुसरं काम देणं.

पकडणं म्हणजे काय ते सांगते. ऐरोलीहून एक बँकेतले गृहस्थ यायचे. त्यांना मी आठवडाभर काही थांबवू नका, फक्त लिहा असं सांगितलं. खिशातल्या छोट्या वहीत वेळ, जागा, हात. दुसऱ्या आठवड्यात ते वही घेऊन आले आणि स्वतःच चकित झालेले. सगळी नोंद डाव्या हाताची! उजवा हात माउसवर, डावा मोकळा, आणि स्क्रीनवर काहीतरी लोड होत असताना तो तोंडाकडे. घरी, बाजारात, गाडीत जवळजवळ शून्य. वीस वर्षं ‘मी नखं खातो’ म्हणणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कळलं की आपण नखं खात नाही, कम्प्युटर अडला की आपला डावा हात खातो. असं नेमकं कळलं की अर्धा प्रश्न हातात येतो. तुमचंही असंच काहीतरी असेल. तुम्ही ओझरतं लिहिलंय की कापूरबावडीच्या सिग्नलला बस अडकली की जास्त होतं. ते धागा म्हणून धरा, पण वहीत उतरवल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

वहीत आणखी एक नोंद करा: हात तोंडाकडे जाण्याच्या आधी काय झालं? बरेच जण आधी अंगठ्यानं दुसऱ्या बोटांच्या नखांची कड चाचपतात. खरखरीत कोपरा सापडला की तो ‘सारखा’ करायला दात पुढे येतात. तसं असेल तर पर्समध्ये छोटी कानस ठेवा. कोपरा सापडला की दोनदा घासायची, बस्स. कोपराच नाही तर दातांना निमित्त नाही.

आणि हाताला दुसरं काम. चाचपणी सुरू झालेली जाणवली की मूठ हलकेच मिटायची, किंवा पर्सचा पट्टा धरायचा, आणि एक-दोन मिनिटं तसंच राहायचं. अट एकच: ते काम असं हवं की ते करताना नखं खाणं शक्यच नसावं, आणि शेजारच्याला विचित्र वाटू नये. ऊर्मी लाटेसारखी चढते आणि न खाताही ओसरते, हे दोन-चारदा अनुभवलं की तिची दहशत जाते. बोटांना कडुनिंबाचा रस, मिरची, कडू नेलपॉलिश हे आपल्याकडचे घरगुती उपाय एकटे फारसे टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे. मिरची लावलेला हात डोळ्याला लागून दवाखान्यात आलेलं पोर मी पाहिलंय.

आता तुमचे २१ दिवस. हा आकडा सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातला ‘कमीत कमी’ गळाला, चेहरा गळाला, आकडा तेवढा राहिला. प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी एक-एक नवी गोष्ट निवडली आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मधला आकडा ६६ दिवसांचा, पण पसारा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून बांधलेला अंदाज). जेवताना पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला कितीतरी जास्त दिवस लागले. तेव्हा आठव्या-दहाव्या दिवशी गाडी घसरते यात तुमचं वेगळेपण काही नाही, आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस हे उगाच म्हणत नाहीत. नवेपणाची हौस ओसरते तेव्हा सवय अजून लागलेली नसते. ही मधली ओसाड पट्टी पार करायची असते, आणि ती कोरडीच असते.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मी सगळ्यांना आवर्जून सांगते: एखादा दिवस चुकला तर रुजण्यात फारसा फरक पडला नाही. तुम्ही पाडव्याला सुरू करता, मग चुलतभावाचं लग्न येतं, दोन दिवस जातात आणि तुम्ही म्हणता ‘संपलं’. संपलेलं नसतं. दूधवाल्याचा खाडा पडला म्हणून आपण दूध बंद करतो का? एक खाडा धरूनच चाला, फक्त लागोपाठ दोन पडू देऊ नका. मोबाईलमधली ती सलग दिवस मोजणारी ॲप्स मला आवडत नाहीत ती याचसाठी. पन्नास दिवसांची साखळी तुटली की माणूस एक्कावन्नाव्या दिवशी शून्य पाहतो आणि सोडून देतो.

चालण्याबद्दल राहिलं. सकाळचा हट्ट तूर्त सोडा. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर संध्याकाळी धूळ आणि हॉर्न खात चाला असंही मी सांगणार नाही. महाप्याला जेवण झाल्यावर कॅम्पसमध्ये दहा मिनिटं, किंवा रात्री जेवल्यावर मुलीला घेऊन सोसायटीच्या पोडियमवर. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ‘व्यायाम करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच जोडून ठेवलेलं माणूस जास्त पाळतो. तर ‘डबा धुवून झाला की थेट लिफ्ट’. डबा घेऊन जागेवर परत आलात की गेलं. पावसाळ्यात जिन्यात चाला, नाहीतर चालू नका, खाडा धरा. रविवारी उपवनला किंवा येऊरला जरूर जा, पण ती सहल समजा. दर रविवारी येऊर चढून सोमवार ते शनिवार खुर्चीत बसणारे बरेच जण मला माहीत आहेत.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हे उत्तर इतरही वाचतील. मी वर सांगितलं ते लहान सवयींसाठी. मशेरी, तंबाखू, गुटखा या लहान सवयी नव्हेत, घरातल्या आजी-मावश्यांनी कितीही ‘दात घासते गं नुसती’ म्हटलं तरी. ते निकोटिनचं व्यसन आहे आणि त्याला मदत लागते. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. रोज दारू पिणाऱ्यानं तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नये, फिट येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं. आणि रात्रीची झोप मोबाईलमुळे नाही तर मन उदास आहे म्हणून येत नसेल, दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा किंवा कुणाला तरी भेटा. घड्याळ आणून ते बरं होणार नाही.

तुमच्यापुरतं: हा आठवडा नखांची वही, काही थांबवायचं नाही. शनिवारी नवऱ्याशी ओट्याचं बोलणं. त्यानं दोन आठवडे ओटा सांभाळला की मगच घड्याळ आणि हॉलमधला चार्जर. चहा त्याच्या पुढच्या महिन्यात. गाडीतले चणे उद्यापासून, त्याला काही लागत नाही.

मुलीला ओरडू नका. ओरडलं की हात पाठीमागे जातो आणि सवय गुपचूप होते, मग ती पकडणं आणखी अवघड. त्यापेक्षा ती वही तिच्याच हातात द्या. आई किती वेळा नखं खाते ते मोजायचं आणि दिसलं की नुसतं ‘हात’ म्हणायचं, हे तिचं काम. आठ वर्षांच्या मुलीला आईला पकडण्याइतकं आवडतं काम दुसरं मिळायचं नाही. आठ-दहा दिवसांनी तिला विचारा, आता मी तुझी मोजू का? ती नाही म्हणाली तर तेवढ्यावर सोडा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.